आरशांसाठी माती तपासता, लेकरांसाठी का नाही?

सिद्धेश्वरच्या धरणापासून काही किलोमीटरवर, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा शिवारात, लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा आकार घेत आहे. काटकोनात दोन बाहू, प्रत्येक बाहू चार किलोमीटरचा, आत निर्वात नळी आणि टोकाला आरसे. प्रोटॉनच्या व्यासाच्या दहाहजाराव्या भागाहूनही सूक्ष्म हालचाल या आरशांमधून टिपायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ही जागा कुणी नकाशावर बोट ठेवून ठरवली नाही. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञांनी देशातल्या अनेक जागा पालथ्या घातल्या, कंपनमापक लावून जमिनीची थरथर नोंदवली, मातीखाली खडक कसा आहे याचा शोध घेतला आणि मगच हिंगोली जिल्ह्यातल्या या जमिनीवर शिक्कामोर्तब झाले. आम्ही त्या शास्त्रज्ञांचे मनापासून अभिनंदन करतो. बांधकाम करणाऱ्याने जमिनीशी असेच वागले पाहिजे.

आणि म्हणूनच आमचा सवाल आहे. याच तालुक्यात जिल्हा परिषदेची शाळाखोली बांधताना पायाखालची माती कुणी तपासली? अंगणवाडी बांधताना? आरोग्य उपकेंद्र, ग्रामपंचायत, समाजमंदिर, घरकुल बांधताना? किती फुटांपर्यंत खोदून पाहिले, नमुना कोणत्या प्रयोगशाळेत गेला, फुगवटा किती निघाला, भारक्षमता किती निघाली? अहवाल दाखवा! ज्या सरकारला आरशाखालची जमीन वर्षानुवर्षे तपासण्याइतका धीर आहे, त्या सरकारला लेकरांच्या वर्गाखाली एक खड्डा घेण्याइतकाही वेळ नसावा, हा गरिबाच्या जिवाची किंमत ठरवण्याचा प्रकार आहे आणि आम्ही त्याचा धिक्कार करतो.

पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती कशी वागते हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. वैशाखात तिला भेगा पडतात, त्यात आख्खा हात जातो. मृगाचा पाऊस पडला की तीच जमीन फुगून भेगा मिटवून टाकते. मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणखनिजाचा हा गुण आहे. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते, पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात आणि सगळा थर वर उचलला जातो. पाणी आटले की तो खाली बसतो. कापसाला, हळदीला, सोयाबीनला ही माती ओल धरून ठेवते म्हणून ती सोन्यासारखी. पण तिच्यावर उथळ पाया घालून भिंत उभी केली, तर ती भिंत दर पावसाळ्यात उचलली जाते आणि दर उन्हाळ्यात खचते. सगळीकडे सारखी उचलली असती तरी निभावले असते. पन्हाळीचे पाणी पडते तो कोपरा जास्त फुगतो, ऊन लागते तो कमी. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, दार चौकटीत अडकते, जोत्यावरची फरशी मधोमध उचलते. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत ही तिरकी भेग दाखवायला लांब जावे लागत नाही. त्या भेगेत दर वर्षी सिमेंट भरायचे, वर चुना फासायचा आणि देखभाल-दुरुस्तीचे बिल काढायचे, हा धंदा किती वर्षे चालणार?

ही माती ओळखायला परदेशी यंत्रे लागत नाहीत. चाळलेली दहा ग्रॅम कोरडी माती घ्या. शंभर मिलिलिटरच्या एका काचनळीत रॉकेल, दुसरीत शुद्ध पाणी. दोन्हींत माती टाकून चोवीस तास थांबा. रॉकेलमध्ये ती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक म्हणजे त्या मातीचा मुक्त फुगवटा. भारतीय मानक २७२० च्या चाळिसाव्या भागात ही कसोटी लिहून ठेवलेली आहे. तंत्रनिकेतनाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पोरे ती करू शकतात. जरा मोठी इमारत असेल तर बोअर घ्या, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाका आणि नळी शेवटचे ३० सेंटिमीटर खाली जायला किती ठोके लागतात ते मोजा. एवढ्यावरून जमीन आपली ताकद सांगते.

आणि मानक तरी किती मागते? पायासाठी जमिनीची तपासणी कशी करावी हे सांगणाऱ्या भारतीय मानक १८९२ च्या १९७९ च्या आवृत्तीत म्हटले होते की साधारण एक एकराच्या आटोपशीर जागेसाठी चार कोपऱ्यांत चार आणि मधोमध एक असे बोअर किंवा खड्डे पुरेत. लहान, साध्या इमारतीला मधोमध एक खड्डादेखील चालेल. एक खड्डा! एवढी सवलत दिल्यावरही तो एक खड्डा घेतला जात नसेल, तर खर्चाचे कारण आम्हाला सांगू नये. याच गावांत पाण्यासाठी शेकडो फूट बोअर मारले जातात. कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून शेतकरी ते मारतो. बोअरची गाडी चालवणारा काळी कुठे संपली, मुरूम कुठे लागला, पाषाण कुठे लागला हे बोलता बोलता सांगतो. विहीर खणणाऱ्या वडारी बांधवांना हे थर तोंडपाठ असतात. गावाला जे ठाऊक आहे ते अंदाजपत्रकात उतरत नाही, कारण अंदाजपत्रक करणाऱ्याने गावाला विचारलेलेच नसते.

प्रत्यक्षात होते ते असे. मंजुरी उशिरा येते, मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो. एका ठराविक नकाशाची इमारत कोकणापासून मराठवाड्यापर्यंत उचलून ठेवली जाते. भारक्षमतेचा आकडा टेबलावर बसून गृहीत धरला जातो. खड्डे खोदले की ठेकेदाराचा माणूस म्हणतो ‘मुरूम लागला’ आणि संध्याकाळपर्यंत काँक्रीट पडलेले असते. तो मुरूम होता की काळीत मिसळलेली चुनखडी, तो थर दोन फूट जाड होता की दहा, खाली पुन्हा चिकण माती आहे का, हे पाहायला कुणी थांबत नाही. दख्खनचा बेसाल्ट म्हणजे एकसंध पाषाण नव्हे. लाव्हाच्या थरावर थर, मध्ये पोकळ्यांचा मऊ खडक, मध्ये भाजल्यासारख्या तांबड्या मातीचे पट्टे, कुठे झिजून भुगा झालेला. दोनशे फुटांवर चित्र बदलते. अशा जमिनीवर अंदाजाने पाया घालणारा अभियंता आपल्या पदवीचा अपमान करतो, आणि त्याला तसे करायला भाग पाडणारा अधिकारी त्याहून मोठा गुन्हेगार आहे.

आमचे पूर्वज असे आंधळे नव्हते. शेती काळीत आणि वस्ती पांढरीत, ही गावाची वाटणी शतकानुशतके चालत आली. आता गावे वाढली, पांढरी पुरेना, आणि सडकेकडेच्या काळ्या रानात प्लॉट पडले. वाढ थांबवा असे आम्ही म्हणत नाही. काळीत बांधायचे असेल तर काळीचे शास्त्र पाळून बांधा, एवढेच म्हणणे आहे. ते शास्त्र आपल्याच देशात, आपल्याच मातीवर तयार झाले आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली कंदासारखे फुगीर टोक असलेले खांब विकसित केले. ते मातीची ऋतुमानाने होणारी हालचाल जिथे थांबते तिथपर्यंत, म्हणजे साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल नेतात. पवईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकण मातीचा दाबलेला थर देण्याची पद्धत सिद्ध केली आणि ती कालव्यांच्या अस्तरीकरणात वापरली गेली. दोन्ही गोष्टींना काही दशके झाली. तरी घरकुलाच्या लाभार्थ्याला अनुदान हातावर ठेवून २५ चौरस मीटरचे पक्के घर बांध म्हणायचे, आणि त्याची माती कशी आहे, त्याला कोणता पाया लागेल हे सांगायला कुणी फिरकायचे नाही, याला योजना म्हणत नाहीत.

कुणी म्हणेल, भेगा पडतात एवढेच ना, माणूस तर मरत नाही. त्याने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. तीन वाजून छप्पन्न मिनिटे. किल्लारीचा प्रदेश त्या वेळी भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता आणि तिथे हजारो माणसे झोपेत गाडली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या हे कारण सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर सरकारने काय केले हे मात्र फारसे कुणी आठवत नाही. कोणती गावे नव्या जागी हलवायची हे ठरवताना सत्तर टक्क्यांहून अधिक पडझड हा एक निकष होता आणि गावाखाली दोन मीटरहून खोल काळी माती असणे हा दुसरा. बावन्न गावे हलवली गेली. म्हणजे काळ्या मातीची खोली हा माणसाच्या जगण्यामरण्याचा प्रश्न आहे हे महाराष्ट्र शासनाने तेव्हाच कागदावर मान्य केले आहे! मग ते शहाणपण लातूर-धाराशिवच्या वेशीवर का थांबले? हिंगोलीच्या वाट्याला ते यायला आधी हिंगोलीत मढी पडावी लागतात का?

इशारे इथेही येऊन गेले. २१ मार्च २०२४ च्या सकाळी दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले, पहिला ४.५ तीव्रतेचा आणि दुसरा ३.६ चा. १० जुलै २०२४ ला पुन्हा ४.५. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजांनी माणसे रात्री-अपरात्री घराबाहेर पळाली आहेत. मार्चच्या धक्क्यांनंतर प्रशासनाने लोकांना आवाहन केले की पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या. ते योग्यच होते. पण छपरावरचा दगड दिसला आणि पायाखालची माती दिसली नाही! त्या धक्क्यांनंतर जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेच्या पायाची आणि मातीची तपासणी युद्धपातळीवर व्हायला हवी होती. झाली असेल तर निष्कर्ष गावोगाव लावा. झाली नसेल तर कारण सांगा.

पुनर्वसनातसुद्धा हाच अपराध घडतो, हे पुणे जिल्ह्यातल्या माळीणने दाखवले. ३० जुलै २०१४ ला डोंगर खाली आला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. सरकारने आमडे इथे नवे गाव बांधले, एप्रिल २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसातच तिथला भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या, आणि जी माणसे एकदा मातीखालून वाचली होती ती पुन्हा घाबरून घराबाहेर उभी राहिली. ज्या गावाचा घात जमिनीनेच केला, त्याच्या नव्या जागेची जमीन तरी पहिल्या पावसात टिकेल इतकी पक्की करून द्यायची होती! त्या भेगा ज्यांच्या हलगर्जीपणाने पडल्या त्यांना आम्ही क्षमा करू शकत नाही.

जबाबदारी घेण्याची रीतही इथे उरलेली नाही. १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्री अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळचे सेंट फ्रान्सिस धरण फुटले, चारशेहून अधिक माणसे वाहून गेली. धरणाच्या एका काठाखालचा खडक जुन्या दरडीचा, दुसऱ्या बाजूचा पाण्यात विरघळणारा, आणि तो ओळखला गेला नव्हता. विल्यम मुलहोलंड हा त्याचा मुख्य अभियंता, त्या शहराला पाणी देणारा माणूस म्हणून देवासारखा पुजला जाणारा. चौकशीत त्याने दोष दुसऱ्या कुणावर ढकलू नका, चूक असेल तर माझी आहे असे सांगितले आणि पद सोडले. आपल्याकडे २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केलेल्या होत्या. वीसहून अधिक माणसे गेली. आणि राज्याच्या तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी बोट दाखवले ते खेकड्यांकडे. महाराष्ट्राने ही लाज विसरू नये.

सिद्धेश्वरच्या माणसाला तर हे सगळे सांगण्याचीही गरज नसावी, कारण त्याच्या डोळ्यांसमोर सहा किलोमीटरहून लांब मातीचा बांध १९६८ पासून पूर्णेचे पाणी पेलून उभा आहे. महाराष्ट्रातली मातीची धरणे कशी बांधतात? आधी नदीच्या पात्रात आणि काठांवर चाचणी खड्डे, मग कठीण थर लागेपर्यंत चर, त्यात पाणी न झिरपणाऱ्या काळ्या मातीचा गाभा, बाहेरून मुरुमाचे आवरण, आणि प्रत्येक थराची ओल आणि घनता मोजून दाबणी. माती तीच. तपासून, तिचा स्वभाव ओळखून वापरली तर पन्नासहून अधिक वर्षे धरण धरते. न तपासता वापरली तर शाळेची भिंत पाच वर्षेही सरळ राहत नाही. धरणाच्या वेळी आजच्यासारखी यंत्रे नव्हती, संगणक नव्हता, तरी त्या काळच्या अभियंत्यांनी हाताने खड्डे खोदून माती पाहिली. आज सगळे हाताशी असून पाहत नाहीत. हे अज्ञान नाही. हा निव्वळ बेदरकारपणा आहे.

प्रयोगशाळा नाहीत ही सबब आम्ही ऐकून घेणार नाही. नांदेडच्या विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे, हिंगोलीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. शेतकऱ्याच्या वावरात नत्र-स्फुरद-पालाश किती हे सांगणारी पत्रिका सरकार घरपोच देते, तर त्याच्या घराखालची माती किती फुगते हे सांगणारा कागद का देऊ शकत नाही?

हिंगोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आणि जिल्हा परिषदेने आजपासून एक नियम करावा. मातीचा अहवाल जोडल्याशिवाय एकाही सार्वजनिक इमारतीच्या अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता नाही, आणि पायाचा खड्डा अभियंत्याने स्वतः उतरून पाहून, छायाचित्र आणि सही ठेवल्याशिवाय काँक्रीटचे बिल नाही. घरकुलांसाठी दर गावात चार-सहा ठिकाणी खड्डे घेऊन गावाचा मातीनकाशा करावा आणि तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. खर्च सरकारचा. औंढा, वसमत, कळमनुरीतल्या ज्या शाळांना तिरक्या भेगा आहेत त्यांचे पाये आधी उघडून पाहावेत आणि धोका असेल तिथे आजच पोरे बाहेर काढावीत.

आणि गावकऱ्यांनो, वाट पाहू नका. येत्या ग्रामसभेत उठा आणि आपल्या शाळेचा, अंगणवाडीचा माती तपासणी अहवाल मागा. दिला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. ‘अहवाल उपलब्ध नाही’ असे लेखी उत्तर आले, तर तो कागद घेऊन सगळे गाव जिल्हा परिषदेच्या दारात बसा, आणि ज्याने त्या इमारतीला मान्यता दिली त्याचे नाव मिळाल्याशिवाय उठू नका.