निव्वळ कारागिरी?

मराठी समीक्षेत 'कारागिरी' हा शब्द बहुधा नापसंतीचा असतो. कवितेच्या रचनेत सफाई आहे, पण प्रतिभेचा स्पर्श नाही, असे सांगायचे असले की आपण तिला 'निव्वळ कारागिरी' म्हणून मोकळे होतो. या 'निव्वळ'ला माझा आक्षेप आहे, आणि त्यासाठी मी साक्षीला बोलावतो आहे व्हिक्टोरियन काळातला रेल्वेचा लाकडी डबा. ताडकळसच्या वाचकाला ही साक्ष परकी वाटू नये. आमच्या तालुक्याचे पूर्णा हे जुने जंक्शन. निजामाच्या राज्यातील मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज मार्ग 1900च्या आसपास येथून गेला. व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीचे ते अखेरचे दिवस होते.

कॉलिंगवुडने 1938च्या 'प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट'मध्ये कला आणि कारागिरी यांची फारकत केली. कारागिराला काय घडवायचे ते आधीच ठाऊक असते, कलावंताला ते घडवताना उमगते, असा त्याचा मुद्दा. विद्यार्थी तो परीक्षेत निमूटपणे लिहितात. डबा बांधणाऱ्या सुताराला तो कितपत पटला असता?

घर एका जागी उभे असते. डबा धावतो, हिसके खातो, वळणावर पिळवटतो, वैशाखात आखडतो आणि आषाढात फुगतो. सांधा ढिला राहिला तर डबा कुरकुरू लागतो, अति घट्ट झाला तर फळी चिरते. म्हणून खाली लोखंडी सांगाडा, वर कुसू आणि खाच यांनी जोडलेली सागाची चौकट, छताच्या फळ्यांवर ताणून बसवलेले आणि रंग चढवलेले जाड कापड. बाहेरून दिसणाऱ्या नक्षीदार पट्ट्या आपण शोभेच्या समजतो. त्या फळ्यांचे सांधे झाकत. सागाची निवडही अशीच विचारपूर्वक. ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागातील तेल त्यांना जपते, शिवाय वाळवी सागाला सहसा लागत नाही. इंग्लंडच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने तर सागाचे डबे रंग न लावता नुसत्या वार्निशवर ठेवले. नकाशा आधी तयार असे, हे खरे; पण हातातल्या फळीचा रेषा कसा जातो, गाठ कोठे आहे, हे नकाशात नसे. ते वाकस आणि रंधा चालवतानाच कळे.

या कामाला 'व्हिक्टोरियन' म्हणताना श्रेय आराखड्याकडे जाते. भारतात मात्र लोखंडी सांगाडे बहुधा विलायतेहून येत आणि लाकडी काम येथील कारखान्यांत, येथील सुतारांच्या हातून होई. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली? दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात 1875चा, प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्याचा सलून आहे. त्यापुढे उभे राहून आपण ज्या कौशल्याची वाखाणणी करतो, ते तिसऱ्या वर्गाच्या डब्याच्या चौकटीतही होते. फक्त त्या चौकटीत माणसे कोंबली जात. गांधीजींनी 1917मध्ये मुंबई-मद्रास प्रवासाविषयी लिहिले आहे: 22 उतारूंच्या डब्यात बराच वेळ निदान 35 जण होते.

लाकडी डबा गेला, याची हळहळ मला वाटत नाही. अपघातात तो चुरडे आणि पेटे. 1915 साली स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिल येथे दोनशेहून अधिक माणसे गेली, त्यात गॅसचे दिवे असलेल्या लाकडी डब्यांच्या आगीचा मोठा वाटा होता. पेरांबूरच्या कारखान्यात 1955पासून पोलादी डबे तयार होऊ लागले, ते योग्यच झाले. माझी तक्रार समीक्षेपुरती आहे. छंदाची मात्रा जुळवताना कवी शब्द उचलतो, ठेवतो, पुन्हा उचलतो; त्या क्षणी तो सुतारापासून किती दूर असतो, हे 'निव्वळ' लिहिणाऱ्यांनी एकदा सांगावे.