मोगलाईच्या वेशीवरून

देऊळगाव राजाहून जालन्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात आपला बुलढाणा जिल्हा संपतो. फलक सोडला तर काही बदलत नाही. तीच कपाशी, तीच सोयाबीन, तीच काळी माती. तरी घाटावरची जुनी माणसं अजून बोलता बोलता म्हणून जातात, 'पोरगी मोगलाईत दिली.' निजामाचं राज्य जाऊन पाऊणशेहून अधिक वर्षं झाली, पण ही वेस बोलण्यातून गेलेली नाही. यंदाच्या अंकाचं संपादकीय मी या वेशीवर उभं राहून लिहितो आहे, कारण वर्तमानपत्राचं स्वातंत्र्य म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याने ते पुस्तकात शोधण्याआधी इथे पाहावं.

कागदोपत्री दोन्ही बाजूंचा धनी एकच होता. १८५३च्या तहाने अलीकडचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभारात गेला; १९०२ साली वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमचा पट्टा झाला; मालकी मात्र निजामाचीच राहिली. पण वेशीच्या अलीकडे पत्र काढायचं तर १८६७च्या कायद्याप्रमाणे मॅजिस्ट्रेटपुढे निवेदन द्यावं लागे. इंग्रज पुढे जामीन मागत, खटले भरत, संपादकाला तुरुंगात घालत, हे खरं. तरी पत्र निघत तर होतं. पलीकडे आधी परवानगी लागे, आणि टीका करणाऱ्याला ती मिळत नसे. म्हणून आ. कृ. वाघमारे यांनी १९३८च्या फेब्रुवारीत 'मराठवाडा' साप्ताहिक काढलं ते पुण्याहून. मराठवाड्याच्या माणसांचं पत्र मराठवाड्याबाहेर छापायचं आणि आत पोचवायचं. निजाम सरकारने बंदी घातली की वाघमारे नाव बदलत आणि नव्या नावाने तेच पत्र पुन्हा निघे. अंक सापडला तर काय होईल हे ठाऊक असूनही तो सरहद्दीपार नेणाऱ्या माणसांची नावं कुठल्याही इतिहासात नाहीत. माझ्या मते त्या पत्राचे निम्मे संपादक तेच होते.

१९४८ साली परिस्थिती हाताबाहेर गेली. लातूरच्या कासीम रझवीच्या निजामनिष्ठ रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, माणसं मारली. २१ ऑगस्टच्या रात्री हैदराबादेत 'इमरोज' या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. हैदराबाद संस्थान भारतात विलीन व्हावं, असं त्यांनी लिहिलं होतं. मारेकऱ्यांनी त्यांचा लिहिता हातही तोडला. रझाकारांना विरोध म्हणजे हिंदूंचा विरोध, अशी सोपी मांडणी करणाऱ्याने हे एक नाव लक्षात ठेवावं.

तीनच आठवड्यांनी, १३ सप्टेंबरला, भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. आता पत्रं मोकळी झाली. माझा प्रश्न त्यानंतरच्या दिवसांविषयी आहे.

भारतीय फौजांच्या या 'पोलिस कारवाई'च्या वेळी आणि नंतर संस्थानात मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांना त्याची झळ सर्वांत जास्त लागली. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने वर्षाअखेरीस तिथे फिरून चौकशी केली आणि मृतांचा अंदाज दिला तो कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजारांचा. या समितीत काझी अब्दुल गफ्फार होते. ते स्वतः पत्रकार, हैदराबादच्या 'पयाम' दैनिकाचे संपादक. म्हणजे एका संपादकाने गावोगाव फिरून, माणसांना विचारून, लिहून ठेवलेलं ते वार्तांकनच होतं. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्यात आहे. सरकारने अहवाल प्रसिद्ध केला नाही. अनेक दशकं तो दडलेलाच राहिला आणि दिल्लीच्या नेहरू संग्रहालयात वाचकांसाठी खुला झाला तो थेट २०१३च्या सुमारास. या काळात देशात ना निजाम होता ना इंग्रज. पत्रांना घटनेचं संरक्षण होतं. तरी मराठी वाचकाच्या दोन-तीन पिढ्या रझाकारांचे अत्याचार ऐकत वाढल्या, आणि नंतरच्या महिन्यांबद्दल घरातही कोणी बोललं नाही. दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. एक सांगितल्याने दुसरी खोटी होत नाही.

जुलमी सत्तेविरुद्ध लिहायला धैर्य लागतं, आणि ते आपल्या संपादकांनी दाखवलं. आपल्याच वाचकाला न आवडणारं छापायला लागणारं धैर्य वेगळं असतं. संघर्षातून बाहेर पडलेल्या समाजात पत्राची परीक्षा होते ती या दुसऱ्या धैर्याची.

'मराठवाडा'च्याच पुढच्या प्रवासात हे दिसतं. मुक्तीनंतर पत्र औरंगाबादला स्थिरावलं, अनंत भालेराव संपादक झाले, १९६८ साली दैनिक सुरू झालं. मागास भागाच्या रेल्वेपासून पाण्यापर्यंतचे प्रश्न त्या पत्राने ज्या चिकाटीने मांडले तशी चिकाटी दुर्मीळ. आणि २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, गावोगावच्या दलित वस्त्या पेटल्या, तेव्हा हेच पत्र नामांतराच्या विरोधात उभं होतं. अत्याचार सोसणाऱ्यांची बाजू त्यात यावी तशी आली नाही, हा दलित कार्यकर्त्यांचा आक्षेप होता. अनंतरावांच्या त्यागाबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्या दिवसांतली त्यांच्या पत्राची भूमिका चुकीची होती, असंही माझं स्पष्ट मत आहे.

मग पत्रावर लक्ष कोणी ठेवायचं? सरकारने ठेवलं तर परवानगीचे दिवस परत येतात. बोस्नियात १९९५च्या तहानंतर विद्वेष पसरवणारी दूरचित्रवाणी थांबत नव्हती, तेव्हा १९९७ साली आंतरराष्ट्रीय शांतिसेनेने प्रक्षेपणाचे मनोरेच ताब्यात घेतले. पुढच्या वर्षी नभोवाणी-दूरचित्रवाणीला परवाने देणारा स्वतंत्र आयोग नेमला गेला. वर्तमानपत्रांना मात्र परवान्यात गुंतवलं नाही. २००० साली तिथल्या पत्रकारांच्या संघटनांनी स्वतःच वृत्तपत्र परिषद उभी केली. मला हा फरक शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडे हा विचार त्याआधीच झाला होता, आणि त्यात मराठी माणसं पुढे होती. न्या. ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली परिषदेची शिफारस केली. १९६६ साली ती स्थापन झाली तेव्हा पहिले अध्यक्ष होते न्या. ज. र. मुधोळकर, अमरावतीच्या मुधोळकर घराण्यातले, म्हणजे आपल्या वऱ्हाडचेच. परिषदेला दंड करता येत नाही की पत्र बंद करता येत नाही. ती समज देते, ताशेरे ओढते. एवढ्या मवाळ संस्थेचीही आणीबाणीत अडचण झाली आणि ती बरखास्त केली गेली. १९७८च्या कायद्याने ती परत आली, तरी तिची कक्षा छापील पत्रांपुरती राहिली. आज आपल्या तालुक्यांत बातमी आधी पोचते ती फोनवर, आणि तिथे परिषदेचा अधिकार चालत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस गळू लागले. कारण कळण्याआधीच 'टक्कल व्हायरस' हे नाव देशभर झालं. माणसांचे चेहरे, उघडी डोकी, गावांची नावं सगळं दाखवलं गेलं. पुढे तपासण्या झाल्या आणि चर्चा वळली ती सेलेनियमकडे. विषाणूची बातमी जितक्या मोठ्या अक्षरांत आली तितक्या मोठ्या अक्षरांत तिची दुरुस्ती मी कुठे पाहिली नाही. त्या गावांच्या माथ्यावर ते नाव बसलं ते बसलंच.

म्हणून यंदा या अंकाचं पहिलं पान आम्ही चूकदुरुस्तीला दिलं आहे. गेल्या वर्षीच्या अंकातल्या तीन चुका वाचकांनी दाखवल्या. त्या तिथे जशाच्या तशा मान्य केल्या आहेत. पुढेही दरवर्षी हे पान असेल.

एक विनंती. लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि वेशीपलीकडच्या गावांतल्या ज्या घरांत १९४८ सालच्या आठवणी, पत्रं किंवा जुने अंक ट्रंकेत उरले असतील, त्यांनी आमच्याशी बोलावं. रझाकारांच्या भीतीने वेस ओलांडून आलेल्यांनी बोलावं, आणि सप्टेंबरनंतर ज्यांच्या घरचं माणूस परत आलं नाही त्यांनीही. ते सांगणारी पिढी आता नव्वदीत आहे. पुढच्या दिवाळीच्या अंकात आम्ही दोन्हीही छापू, शेजारी शेजारी, सारख्याच अक्षरांत.