हातापायांचें शिक्षण

वार्षिक परीक्षा जवळ आली, कीं कवाइतीचा व खेळाचा तास प्रथम बंद पडतो, आणि पुष्कळ पालकांस तें योग्यच वाटतें. अंग कमावणें निराळें व बुद्धि कमावणें निराळें, अशी ही समजूत आहे. आमच्या मतें ती चुकीची आहे. कारण हातापायांस कौशल्य येतें तें मेंदू शिकतो म्हणून येतें.

दादर येथें शिवाजी पार्कवर श्री समर्थ व्यायाम मंदिर ही १९२५ सालीं स्थापन झालेली संस्था मल्लखांब शिकविते. नवा विद्यार्थी खांबास मिठी मारतो आणि घसरून खालीं येतो. पाहणारा म्हणतो, दंडांत बळ नाहीं. पण पहिल्या कांहीं आठवड्यांत स्नायू फारसे वाढलेले नसतांहि तो वर चढूं लागतो. हें कसें घडतें?

मेंदूची आज्ञा मज्जारज्जूंतून निघून जलद तंतूंवाटे सेकंदास सुमारें १०० मीटर वेगानें स्नायूंकडे जाते. परंतु स्नायू केवळ हुकुमाचे ताबेदार नाहींत. आपण किती ताणले गेलों, किती भार पेलला, हें मोजणारीं सूक्ष्म इंद्रियें त्यांत असतात, व तीं उलट वर्दी देतात. डोक्याच्या मागील बाजूचा लहान मेंदू योजलेली हालचाल व घडलेली हालचाल ताडून पाहतो आणि पुढील आज्ञा सुधारतो. शरीराच्या या आंतील जाणिवेस इंग्रज शास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनीं १९०६ सालीं स्वतंत्र नांव दिलें. या संस्थेचे शिक्षक उदय देशपांडे, ज्यांस २०२४ सालीं पद्मश्री मिळाली, यांनीं अंध मुलांसहि मल्लखांब शिकविला आहे. डोळ्यांवांचून तोल साधतो, तो याच जाणिवेच्या बळावर.

यावरून दिसेल कीं प्रत्येक घसरण ही मेंदूस पोंचलेली एक वर्दी असते. घसरलेल्या मुलास रागें भरलें, तर तें भिऊन सर्वच स्नायू आंवळतें, आणि आज्ञा व वर्दी दोन्ही बिघडतात. तसेंच, दिवसा केलेला सराव मेंदू झोपेंत दृढ करतो. म्हणून आठवड्यांतून एकदां दोन तास घाम गाळण्यापेक्षां रोज थोडा सराव व पुरी झोंप अधिक फलदायी होते.

मल्लखांबानें गणित येईल, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु सुवाच्य अक्षर, पेटीवरील बोटें, शिवणाचा टांका, हीं सर्व याच मार्गानें साध्य होतात. लालबाग-परळच्या गिरण्या चालू होत्या, तेव्हां तुटलेला धागा क्षणांत जोडणारीं बोटेंहि अशींच शिकलेलीं होतीं. त्या विद्येस अडाणी म्हणणें अन्यायाचें होय.

तेव्हां पालकांस आमची विनंति एवढीच, कीं परीक्षेच्या दिवसांतहि मुलांचा हा अर्धा तास काढून घेऊं नये. आणि विद्यार्थ्यांनो, घसरलांत तर लाजूं नका. हात पुसा व पुन्हां खांब धरा.