क्रमवारीत गुणवत्ता किती, हजेरी किती?

ऑनलाइन गेमिंगविषयीच्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, तेव्हा चर्चा झाली ती पैसे लावून खेळायच्या खेळांवरील बंदीची. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. निकाल चपळता, बौद्धिक तल्लखपणा आणि डावपेच अशा गोष्टींवरच ठरावा, असा त्यातील व्याख्येचा आशय आहे. मान्यता आली की निवड येते आणि निवडीपाठोपाठ क्रमवारी. मोबाइलच्या पडद्यावर झळकणारी क्रमवारी गुणवत्ता दाखवते का, हा प्रश्न त्यामुळे आता निव्वळ करमणुकीचा राहिलेला नाही.

खेळांच्या लोकप्रियतेच्या याद्यांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. डाउनलोड जाहिरातींनीही वाढतात. ‘बीजीएमआय’ जुलै २०२२ मध्ये ॲप दुकानांतून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. मधल्या काळात यादीत त्याचे नावही नव्हते. खेळणाऱ्यांचे कसब काही त्यामुळे आटले नाही.

खेळाडूंची क्रमवारी मात्र बारकाईने पाहावी लागते. याच खेळात ब्राँझपासून चढत गेलेला खेळाडू ‘कॉन्करर’पर्यंत पोहोचतो, हंगामात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या पाचशे जणांना तो किताब मिळतो. पण गुण प्रतिस्पर्धी टिपल्याचे असतात तसेच अखेरपर्यंत तगून राहिल्याचेही असतात. झुडपाआड दडून बसणाराही वर सरकतो. खालच्या पायऱ्यांवर समोरचे कित्येक ‘खेळाडू’ संगणकाने चालवलेले असतात. नवा हंगाम आला की पायरी घसरते आणि चढण पुन्हा सुरू होते. कौशल्य लागतेच, पण रोजचे तास त्याहून अधिक लागतात. हजेरीपट आणि गुणपत्रिका एकाच कागदावर छापावी, तसा हा प्रकार आहे.

बुद्धिबळाचे मानांकन वेगळ्या पायावर उभे आहे. अर्पाद एलो यांची पद्धत ‘फिडे’ने १९७० मध्ये स्वीकारली. तिथे नुसते खेळत राहून गुण वाढत नाहीत. हरले की जातात, आणि दुबळ्याकडून हरले तर अधिक जातात. शिवाय ही पद्धत अंतिम निवाड्याचा आव आणत नाही. दोनशे गुणांचे अंतर असले, तरी दुबळ्या खेळाडूने साधारण चौथा हिस्सा गुण मिळवावेत, असे तिचेच गणित सांगते. जुलै २०२५ मध्ये बातुमीच्या महिला विश्वचषकात पंधराव्या मानांकित दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवले आणि ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म गाठीशी नसताना ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. त्याच वर्षी आपल्या गोव्यात झालेल्या विश्वचषकात ती पहिल्याच फेरीत बाद झाली, तर अग्रमानांकित गुकेश तिसऱ्या. विजेता ठरला उझबेकिस्तानचा १९ वर्षांचा जावोखिर सिंदारोव.

दिव्या नागपूरची. नागपुराहून छिंदवाड्याकडे निघाले की मध्य प्रदेशाच्या हद्दीत, पांढुर्णा जिल्ह्यात, लोधीखेडा लागते. मराठी बोलणाऱ्या या पट्ट्यातल्या मुलाला काय, किंवा आपल्या सत्तरीतल्या मुलाला काय, मानांकन स्पर्धेसाठी शहर गाठायचे तर प्रवासाचा खर्च, मुक्काम आणि सोबतीला घरचे कोणीतरी हवे. मोबाइल मात्र हाताशी असतो. म्हणून पडद्यावरचा क्रम हाच त्याच्यापुरता दाखला ठरतो, आणि दहावीच्या वर्षात तो टिकवण्यासाठी रात्री जातात. त्या दाखल्यात कसब किती आणि जागरण किती, हे आईवडिलांना कळत नाही. मुलालाही कळतेच असे नाही. क्रमवारी आखणाऱ्या कंपनीला हे वेगळे करून सांगण्याची निकड नाही, कारण जितके तास खेळ चालेल तितका तिचा फायदा.

ई-स्पोर्ट्सच्या निवडीचे निकष ठरवताना पडद्यावरच्या किताबांना प्रवेशपत्राचे स्थान देऊ नये. सर्वांना खुल्या, देखरेखीखालील चाचण्या घ्याव्यात, आणि त्या राजधानीत नव्हे, तालुक्याच्या ठिकाणी. शाळांतील संगणक कक्ष सुटीच्या दिवशी रिकामेच असतात.