पहिला पाऊस आणि हरिहरच्या पायऱ्या

जूनच्या पहिल्या दोन-चार सरी पडल्या की कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या घरी एकच मागणी सुरू होते. "अम्मी, रविवारी ट्रेकला जाऊ?" अम्मीचे उत्तर ठरलेले, "अब्बांना विचार." आणि अब्बा वर्तमानपत्रातली कुणी दरीत पडल्याची बातमी पुढे करतात. बहुतेक घरांत भावाला परवानगी मिळते, बहिणीला नाही. ओल्या खडकावर मात्र दोघांचाही पाय सारखाच घसरतो. म्हणून प्रश्न मुलगा की मुलगी हा नाही. जाणाऱ्याला काय माहीत आहे, हा आहे.

उदाहरण म्हणून नाशिक जिल्ह्यातला, त्र्यंबकेश्वरजवळचा हरिहर घ्या. पायथ्याला निरगुडपाडा किंवा हर्षेवाडी. डोंगर फार उंच नाही. पण शेवटचा कडा जवळजवळ उभा आणि त्यात कोरलेल्या अरुंद पायऱ्या. प्रत्येक पायरीला हात अडकवायला खोबण्या आहेत. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या अनाम कारागिरांना चढणाऱ्याची काळजी होती, हे त्या खोबणीत बोटे घातली की कळते. १८१८ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला. माथ्यावर तळे, दगडी कोठाराची इमारत आणि समोर ब्रह्मगिरीची रांग. हे पाहायला मुलांनी जावे असे मलाही वाटते.

पण हंगामाच्या सुरुवातीचा डोंगर फसवा असतो. उन्हाळाभर सुटी झालेली माती आणि वाळलेले गवत पहिल्या पावसात निसरडे होते. भिजून सैल झालेले दगड वरून सुटतात. पुढे खडकावर शेवाळ धरते. मोसमी पाऊस स्थिरावण्याआधीची वादळे बहुधा दुपारनंतर येतात आणि विजा घेऊन येतात. म्हणून फजरची नमाज आटोपून चढाई सुरू करावी आणि दुपारपूर्वी पायथ्याशी परतावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला, तर वीज जवळ आहे. माथा आणि कड्याची धार ताबडतोब सोडावी.

चढताना एक नियम: दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी खडकावर टेकलेले हवेत, हलवायचा तो एकच. उतरताना तोंड कड्याकडे ठेवून, शिडी उतरतो तसे उतरावे. चढण्यापेक्षा उतरणे अवघड, हे वर पोहोचल्यावर नव्हे, खाली असतानाच लक्षात घ्यायचे. ओढणीची टोके नीट खोचावीत, सलवार पायात येणार नाही अशी असावी. भिजल्यावर जड होणारी जीन्स तर नकोच. जुने, तळ गुळगुळीत झालेले बूट घरीच ठेवावेत. मोबाइल पिशवीत, हात मोकळे.

हरिहरवर सर्वांत मोठा धोका गर्दीचा. त्या अरुंद वाटेवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की कुणालाच बाजूला व्हायला जागा राहत नाही. म्हणून रविवार टाळा, आठवड्यातला दिवस निवडा. पावसाळ्यात काही ठिकाणी प्रवेशावर निर्बंध घालतात. आधी चौकशी करा. गावातला वाटाड्या सोबत घेतला तर वाट चुकत नाही आणि त्याच्या घरी चार पैसे जातात.

आता आईवडिलांना एक विनंती. परवानगी देताना "नीट जा" एवढेच सांगू नका. "खडक ओला दिसला आणि तुम्ही पायऱ्यांच्या पायथ्यावरूनच परत आलात, तर घरी कुणी हसणार नाही," हेही सांगा. पुष्कळ मुले कड्याला भितात त्याहून अधिक मित्रांच्या हसण्याला भितात, आणि त्या भीतीपोटी नको तिथे पाय टाकतात. अर्ध्यातून परतलेल्या मुलीला त्या संध्याकाळी गरम चहा आणि भजी मिळाली, तर पुढच्या वेळी ती खोटे सांगून जाणार नाही. हरिहर कुठे जात नाही. पाऊस ओसरल्यावर, खडक वाळल्यावर, इन्शाअल्लाह, तुम्हीही तिच्याबरोबर जा.