भाष्य आणि चिकित्सा : संगणक-खेळांतील मायाविद्येच्या चर्चेसंबंधी

वाङ्मयाच्या अभ्यासात 'वाचक' या संकल्पनेला आपण गेली काही दशके मानाचे स्थान दिले आहे. वाचकसापेक्ष समीक्षेवर व्याख्याने होतात, प्रबंधही लिहिले जातात. परंतु या लेखनातील वाचक बहुधा गृहीतकातला असतो. मजकूर हाती घेऊन त्यातील विसंगती टिपणारा, दोन साक्षी शेजारी मांडून त्यांची तुलना करणारा, एका शब्दाच्या अर्थावरून तावातावाने वाद घालणारा प्रत्यक्ष वाचक आज कोठे आढळतो, असे विचारले तर त्याचे उत्तर आपल्याला काहीसे अडचणीचे वाटेल. असा वाचक आज मोठ्या संख्येने अद्भुतरम्य संगणक-खेळांच्या भोवती जमलेला आहे.

या खेळांत खेळणारा एका पात्राची भूमिका घेऊन कल्पित जगात वावरतो. मंत्र शिकतो, राज्ये पालथी घालतो, लढतो. खेळ संपल्यावरही त्याचे कुतूहल शमत नाही. तेथील मायाविद्या कोणत्या नियमाने चालते, देव खरोखर आहेत काय, अमुक राजाचा मृत्यू कसा झाला, यांवर चाहत्यांची अखंड चर्चा चालते. प्रस्तुत लेखात या खेळांची भलामण करावयाची नाही, किंवा त्यांच्या नावाने बोटे मोडावयाचीही नाहीत. माझे म्हणणे थोडक्यात असे : ही चर्चा म्हणजे भाष्य आहे, आणि अनेकदा चांगले भाष्य आहे. तिच्यात उणीव आहे ती चिकित्सेची. हा भेद नीट समजून घेतला तर आपल्या अध्यापनालाही त्याचा उपयोग होण्यासारखा आहे.

१

या प्रकाराची पूर्वपीठिका थोडक्यात पाहू. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ साली परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात दुय्यम विश्वाची कल्पना मांडली. कथाकार एक प्रतिसृष्टी उभी करतो, आणि वाचक त्या सृष्टीत असेतोवर तेथील नियमांना अनुसरून घडणारी प्रत्येक गोष्ट त्याला खरी वाटते, असा तिचा आशय आहे. आपल्या विश्वामित्राची आठवण व्हावी अशीच ही कल्पना. तिच्यातील महत्त्वाचा शब्द 'नियम' हा होय. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा या नियमाला अंकांचे रूप आले. मंत्राला मर्यादा हवी, नाहीतर खेळ चालणार नाही. म्हणून जॅक व्हॅन्स यांच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) या पुस्तकातील एक कल्पना त्यांनी उचलली : मांत्रिक मंत्र पाठ करतो, आणि एकदा उच्चारला की तो त्याच्या स्मृतीतून पुसला जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. खेळाच्या समतोलासाठी स्वीकारलेला नियम कल्पित जगात शिरला की तो त्या जगाचा निसर्गनियम होतो. मग मंत्र विसरतो तो का, असा प्रश्न उत्पन्न होतो, आणि त्याचे उत्तर त्या जगाच्या तत्त्वज्ञानात शोधावे लागते. चाहत्यांच्या चर्चेचा उगम या जागी आहे. ती चर्चा म्हणजे सोयीसाठी केलेल्या नियमाला अर्थ देण्याचा प्रयत्न होय.

२

या चर्चेचे सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे बेथेस्डा या अमेरिकन कंपनीची 'एल्डर स्क्रोल्स' ही खेळमालिका. 'अरीना' (१९९४), 'डॅगरफॉल' (१९९६), 'मोरोविंड' (२००२), 'ऑब्लिव्हियन' (२००६) आणि 'स्कायरिम' (२०११) हे तिचे मुख्य टप्पे. या खेळांत खेळणाऱ्याला शेकडो लहानमोठे ग्रंथ सापडतात. इतिहास, प्रवासवर्णने, प्रवचने, राजकीय पत्रके, चावट प्रहसने, सारे काही त्यांत आहे. हे सर्व ग्रंथ त्या जगातील कोणी ना कोणी व्यक्तीने लिहिलेले आहेत. साहजिकच त्यांत पक्षपात आहे, अज्ञान आहे आणि जाणूनबुजून केलेली लबाडीही आहे. खेळाचा कर्ता स्वतःच्या आवाजात निर्णय देत नाही.

'मोरोविंड'मधील नेरेवार या सेनानीचा मृत्यू घ्या. देवळाची अधिकृत परंपरा सांगते की तो युद्धातील जखमांनी गेला. भटक्या टोळ्यांची मौखिक परंपरा सांगते की पुढे देवपदास चढलेल्या त्याच्याच तिघा सोबत्यांनी त्याचा घात केला. या तिघांपैकी व्हिव्हेक हा कवी आहे, आणि त्याची छत्तीस प्रवचने त्या जगात विखुरलेली आहेत. अखेरच्या प्रवचनातील परिच्छेदांची आद्याक्षरे क्रमाने वाचली असता खुनाची वाच्यता होते. हे चाहत्यांनी शोधून काढले. मोरोपंतांचे निरोष्ठरामायण आणि मंत्ररामायण शिकवताना अक्षरांच्या कसरतीकडे आपण केवळ चमत्कृती म्हणून पाहतो. येथे त्याच युक्तीला कथानकातील साक्षीचे मोल आले आहे. कवीची कबुली त्याच्या अधिकृत वचनाच्या पोटात दडलेली आहे, आणि ती ज्याला वाचता येईल त्यालाच मिळते.

या वादात पडणाऱ्या मंडळींचे युक्तिवाद पाहिले तर आपल्या ओळखीची साधने आढळतात. कोणता ग्रंथ आधीचा, लेखकाचा हितसंबंध कोणता, दोन स्वतंत्र साक्षी जुळतात की एकीने दुसरीची नक्कल केली आहे, असे प्रश्न ते विचारतात. सभासदाची बखर आणि तिच्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी लिहिलेली चिटणीसाची बखर शेजारी ठेवून आपण विद्यार्थ्यांकडून हेच अपेक्षितो, आणि बहुधा ते आपल्या पदरी पडत नाही.

३

आता या भाष्याची दुसरी बाजू पाहू.

१९९८ साली 'रेडगार्ड' या खेळासोबत साम्राज्याची एक छोटी मार्गदर्शिका छापून दिली होती. तीत साम्राज्याच्या मध्यवर्ती प्रांताचे, सिरोडीलचे, वर्णन घनदाट उष्ण जंगल असे आहे. २००६ साली 'ऑब्लिव्हियन' आला तेव्हा तोच प्रांत युरोपीय धाटणीच्या समशीतोष्ण वनराईचा निघाला. वाचक गोंधळले. पुढे 'स्कायरिम'मध्ये एक धर्मप्रचारक चौकात उभा राहून सांगतो की देवत्व पावलेल्या सम्राटाने आपल्या सैनिकांवरील प्रेमापोटी ते जंगल पालटून टाकले. त्यानंतर 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन' (२०१४) या खेळात एका पंडिताचे टिपण आले. त्याचा तर्क असा की जंगल कधी नव्हतेच. जुन्या ग्रंथातील तो शब्द नकलाकाराच्या हातून चुकून पडला आहे.

एका बाजूला चमत्कार आणि दुसऱ्या बाजूला लिपिकाराचा प्रमाद. चाहत्यांत या दोन मतांचे पक्ष पडले, आणि दोन्ही पक्षांनी विद्वत्तापूर्ण युक्तिवाद केले. परंतु तिसरे उत्तर उघड्यावर पडले आहे : १९९८ आणि २००६ या दोन सालांच्या दरम्यान खेळ घडवणाऱ्यांनी देखावा बदलला. हे उत्तर चाहत्यांना ठाऊक नाही असे नाही. मात्र ते खेळाच्या बाहेरचे, म्हणून रसभंग करणारे, असे मानून बाजूला सारले जाते.

मायाविद्येच्या बाबतीत हेच घडले. 'मोरोविंड'मध्ये मंत्राच्या बळावर हवेत तरंगता येत असे. 'ऑब्लिव्हियन'मध्ये ती सोय नाहीशी झाली, कारण तेथील शहरे भोवतीच्या प्रदेशापासून तांत्रिकदृष्ट्या अलग ठेवलेली होती आणि तटावरून उडणारा मनुष्य त्या रचनेत बसत नव्हता. त्या जगात याचे कारण मात्र वेगळे दिले गेले : उड्डाणविद्येला कायद्याने बंदी आहे. कायद्याने एखादी गोष्ट गुन्हा ठरते, अशक्य ठरत नाही, ही साधी शंका येथे कोणालाही यावी. पण भाष्यकाराची प्रवृत्ती अशी की तो या कायद्याच्या अंमलबजावणीची मीमांसा करू लागतो. तसेच 'मोरोविंड'मध्ये मायाविद्येच्या सहा शाखा होत्या. 'स्कायरिम'मध्ये गूढविद्येची शाखा वगळून पाच उरल्या. शाखा म्हणजे त्या जगातील अध्यापकांनी सोयीसाठी केलेले वर्गीकरण, मूळ शक्ती एकच, असे समाधान यावर सुचवले जाते. समाधान सुंदर आहे. पण ते खेळाच्या नव्या रचनेला दिलेले समर्थनही आहे.

४

मीमांसकांनी एकवाक्यतेचे तत्त्व सांगितले. वाक्यांत विरोध दिसला तरी सर्वांचे तात्पर्य एकच आहे असे धरून अर्थ लावावयाचा. भाष्यकाराला हे गृहीतक आवश्यक असते, कारण ज्या ग्रंथावर तो भाष्य करतो तो त्याच्या लेखी प्रमाण असतो. संपादकाचे गृहीतक याच्या उलट असते. पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पुरे झाले. त्या कामात वि. स. सुखठणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विरोधी पाठांत समन्वय साधत बसण्याऐवजी त्यांचा इतिहास शोधला. हा पाठ कोठे शिरला, कोणत्या परंपरेत शिरला, कोणत्या गरजेपोटी शिरला, हे त्यांचे प्रश्न होते. भाष्यकार ग्रंथ एक आहे असे मानून चालतो. ग्रंथ घडत गेला आहे हे संपादकाच्या कामाचे आरंभस्थान असते.

या खेळांच्या चाहत्यांनी भाष्यकाराचे कसब पूर्णपणे कमावले आहे. संपादकाची वृत्ती मात्र ते कल्पित जगाच्या आतच वापरतात, बाहेर नाही. आणि येथे एक चमत्कारिक परिस्थिती उद्भवते. 'नकलाकाराची चूक' हे वाक्य आपल्या शास्त्रात चिकित्सेचे साधन आहे. सिरोडीलच्या प्रकरणात तेच वाक्य मजकुराच्या मालकाने एका कल्पित पंडिताच्या तोंडी घातले आहे. म्हणजे चिकित्सा हीच कथेतील एक अलंकार झाली. जो बदल घडवला त्याची जबाबदारी एका अस्तित्वातच नसलेल्या लेखनिकावर टाकून मालक मोकळा झाला.

'डॅगरफॉल'चे उदाहरण याहून बोलके आहे. त्या खेळाचे अनेक शेवट संभवत. पुढील खेळांतील ग्रंथांनी सांगितले की काळच दुभंगला आणि ते सारे शेवट एकाच वेळी खरे ठरले. कल्पना म्हणून ती विलक्षण आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु काळ दुभंगू शकतो हे एकदा मान्य झाले की कोणतीही विसंगती विसंगती राहत नाही. ज्या मजकुराविरुद्ध साक्ष देताच येत नाही त्याची चिकित्सा कशी करावयाची? २०२१ साली मायक्रोसॉफ्टने बेथेस्डाची पालक कंपनी विकत घेतली. या प्रतिसृष्टीत काय खरे मानावयाचे हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, तो कोणी ऋषी किंवा कवी नसून मालमत्तेचा धनी आहे, हे भाष्यकाराने विसरून चालणार नाही.

५

यावर कोणी म्हणेल की अद्भुताला नियमांत बसवण्याचा हा खटाटोपच अद्भुताचा घात करतो. मला हा आक्षेप निम्माच पटतो. ब्रँडन सँडरसन या अमेरिकन कादंबरीकाराने २००७ साली असे प्रतिपादन केले की वाचकाला मायाविद्येचे नियम जितके समजलेले असतील तितकाच लेखकाला तिच्या आधारे कथेतील पेच सोडवण्याचा अधिकार पोचतो. यात गैर काही नाही. शापाला उःशाप आणि वराला पळवाट असणारी आपली पुराणेही नियमांनीच चालतात. अद्भुत मरते ते नियमांमुळे नव्हे, प्रत्येक रिकामी जागा बुजवून टाकण्याच्या हव्यासामुळे. 'डार्क सोल्स' (२०११) या जपानी खेळाचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी सांगितले आहे की लहानपणी इंग्रजी पुस्तके पुरती न कळल्याने सुटलेल्या जागा ते कल्पनेने भरून काढीत, आणि तोच अनुभव त्यांना खेळात आणावयाचा होता. वोल्फगांग इझर यांनी १९७० च्या दशकात मांडलेला रिक्त जागांचा सिद्धान्त शिकवण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.

दुसरा एक मोह आपल्या बाजूचा आहे. जग हे स्वप्न आहे आणि ते ओळखूनही 'मी' टिकून राहू शकतो, अशी एक कल्पना 'मोरोविंड'च्या प्रवचनांतून चाहत्यांनी विकसित केली आहे. हे वाचताच 'हे तर आमच्या वेदान्तात आधीच आहे' असे म्हणण्याची ऊर्मी आपल्याला आवरत नाही. ती आवरावी. साम्य दाखवणे सोपे असते. त्या कल्पनेला त्या खेळात काय काम दिले आहे, हे पाहणे हा अभ्यास होय. मायावाद अहंतेचा निरास करतो. येथे स्वप्न ओळखणाऱ्याची अहंता विश्वावर सत्ता गाजवते. भेद मूलगामी आहे.

६

मराठी विभागांनी याचे काय करावे? नवी अभ्यासपत्रिका काढण्याची आवश्यकता नाही. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांना कादंबरीचे बालपण म्हणून दोन वाक्यांत निकालात काढणाऱ्या आपल्या वाङ्मयेतिहासाने अद्भुताकडे थोड्या आस्थेने पाहावे, एवढे झाले तरी पुष्कळ. पाठचिकित्सेच्या तासाला मात्र एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. सिरोडीलच्या जंगलाविषयीच्या चारही साक्षी कालानुक्रमे विद्यार्थ्यांसमोर ठेवाव्यात आणि प्रत्येकाकडून दोन उत्तरे लिहून घ्यावीत : एक त्या जगाच्या आतले, दुसरे बाहेरचे. पहिल्यात भाष्याची कसोटी लागेल, दुसऱ्यात चिकित्सेची.

हे खेळ खेळलेले विद्यार्थी आज आपल्या वर्गात आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी पहिले उत्तर लिहिण्याची पात्रता आपल्या मदतीवाचून मिळवलेली आहे. दुसरे उत्तर शिकवणे हे आपले काम आहे. ते जमले तर लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ आणि एकनाथांनी शके १५०६ मध्ये सिद्ध केलेली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत यांच्याकडे वळताना त्या विद्यार्थ्याला निराळी पूर्वतयारी करावी लागणार नाही. विसंगती दिसली की समाधान शोधण्यापूर्वी ती कोणी, केव्हा आणि कशासाठी निर्माण केली हे विचारण्याची सवय त्याला लागलेली असेल.