निलगिरीचे तेल, गादी आणि दमा

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. शनिवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यातून एक आजी आपल्या आठ वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. मुलाला धाप लागली होती. छातीतून सूं-सूं आवाज येत होता आणि कपड्यांना निलगिरीच्या तेलाचा उग्र दर्प येत होता. चौकशी केली तेव्हा कळले, की गादीतले किडे मरावेत म्हणून आठवडाभर रोज रात्री गादी-उशीवर तेल शिंपडले जात होते. दम्याचा पंप मात्र कपाटात बंद होता.

"डॉक्टर, पंपाची सवय लागते म्हणतात. तेल आपलं घरगुती. त्यानं काय अपाय होणार?" आजींनी विचारले.

नातू तासाभरात सावरला, पण आजींचा प्रश्न अनेक घरांतला आहे. म्हणून आज त्याविषयी.

आजींना किड्यांबद्दल कोणी सांगितले ते खोटे नव्हते. डस्ट माइट नावाचा हा जीव मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढा असतो. तो ढेकणासारखा चावत नाही. आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर तो जगतो आणि हवेतला ओलावा शोषून तहान भागवतो. म्हणून पावसाळ्यात, ओल धरणाऱ्या खोल्यांत त्याचे फावते. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीचे मूळ या जीवात आहे, हे हॉलंडमधील लायडन येथे फोरहोर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 साली मांडले. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतील प्रथिनामुळे. माइट मेला तरी ते प्रथिन गादीतच राहते. तेल शिंपडण्याची खरी गोम इथे आहे.

मग तेल निरुपयोगी का? तसेही नाही. निलगिरीचे, लवंगेचे तेल माइटला मारते, हे प्रयोगांत दिसले आहे. निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची. तिथल्याच सिडनीतील संशोधकांनी 1997 साली निलगिरीचे तेल व डिटर्जंट मिसळलेल्या पाण्यात पांघरुणे भिजवून मग धुतली, तेव्हा बहुतेक माइट मेले. पण ही धुण्याची रीत होती. तेलाने माइट मेले आणि पाण्याबरोबर प्रथिनही वाहून गेले. शिवाय बादलीमागे दोन-चार थेंबांनी भागत नाही, कित्येक चमचे तेल लागते. कापसाच्या जाड गादीवर वरवर शिंपडलेले तेल आत पोचत नाही, खोलीत दर्प मात्र कोंडतो. दमेकऱ्याच्या श्वासनलिका आधीच हुळहुळ्या झालेल्या असतात. कोणत्याही उग्र वासाने त्या आवळल्या जाऊ शकतात. आणि निलगिरीचे तेल किंवा कापूर लहान मुलाच्या पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

माझ्या मते आपल्या आज्यांची दुसरी रीत या तेलापेक्षा सरस आहे. ती म्हणजे गादीला ऊन दाखवणे. कडक उन्हाने गादी तापते, कोरडी होते आणि माइट मरतात. पुण्याचा चैत्र-वैशाख त्यासाठी उत्तम. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा गादी बाहेर काढावी. मग ती अंगणात किंवा गच्चीवर झोडपून घ्यावी, पण ते काम दमेकऱ्याने करू नये. चादरी, अभ्रे, गोधड्या आठवड्याला, हात घालवणार नाही इतक्या गरम, म्हणजे साधारण 60 अंशांच्या पाण्यात भिजवून धुवाव्यात. केर काढण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे. खिडक्या उघडून खोलीत वारे खेळू द्यावे.

आता जरा कटू गोष्ट. 2008 साली डेन्मार्कच्या संशोधकांनी 54 चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले. माइट कमी करण्यासाठी गादीला खास खोळी घातल्या, रसायने फवारली, तरी दमेकऱ्यांचा त्रास त्यामुळे कमी झाल्याचे आढळले नाही. स्वच्छता सोडावी, असा याचा अर्थ नव्हे. स्वच्छतेला औषधाचे काम सांगू नये, एवढाच त्याचा अर्थ. पंपातले औषध थेट श्वासनलिकेत पोचते, म्हणून त्याची मात्रा गोळीपेक्षा कितीतरी कमी असते. त्याचे व्यसन लागत नाही. रोज घ्यायचा पंप मनाने बंद केला, तर मात्र आतली सूज पुन्हा बळावते आणि एखाद्या रात्री ते जिवावर बेतू शकते.

आजींना मी एवढेच म्हणालो, "आजी, गादी उन्हात घाला, चादरी गरम पाण्यात भिजवा. तेलाची बाटली मात्र कपाटात ठेवा आणि पंप बाहेर काढा."

वाचकहो, आपल्या घरात या दोन वस्तूंच्या जागा कुठे आहेत, ते आजच पाहून घ्या.